चाकूच्या पात्यावर घरीच नाव टाकायचं असेल तर आधी मास्कचं पाहा, करंटचं नंतर

भाऊ, तुझा प्रश्न दोनदा वाचला. बाबा पुढच्या महिन्यात रिटायर होऊन राहिले, रविवारचं सावजी मटण घरात तेच करतात, म्हणून त्यांच्यासाठी चांगला चाकू घेतला आणि पात्यावर त्यांचं नाव आणि बाजूला एक छोटी वेल टाकायची आहे. लेझरवाल्याने हजार रुपये सांगितले, भांड्याच्या दुकानातल्या नाव टाकायच्या मशीनने नुसते ओरखडे आले, मग तू नेलपॉलिश लावून वरून निंबू पिळला तर नाव उमटायच्या ऐवजी काळपट डाग आला. आणि आता टॉयलेट साफ करायचं ऍसिड टाकून पाहू का म्हणून विचारून राहिला. नको. ती बाटली आधी जागेवर ठेव, मग पुढचं वाच.

मी नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची हत्यारं-साचे बनवतात तिथे, २२ वर्षं काढली. तिथे गेज, पंच, डाय सगळ्यांवर नंबर टाकावे लागतात, आणि हा माल पाणी दिलेला, कडक असतो, छिन्नी-हातोडीने नंबर ठोकायला गेलं तर नंबरच्या पंचाचंच तोंड मोडते नाहीतर मालाला तडा जाते. म्हणून तिथे करंटने मार्किंग करतात, वर स्टेन्सिल ठेवायची, खारट पाण्यात भिजवलेला पॅड लावायचा, दोन-चार सेकंद दाबायचा, झालं. घरी करायचं तेही हेच, फक्त मशीनच्या जागी जुना अडॅप्टर. आणि भांड्याच्या दुकानातल्या मशीनने तुझ्या चाकूवर का नाही जमलं तेही यातच आलं, ती मशीन ताट-वाटीच्या नरम पत्र्यासाठी आहे, पाणी पाजलेल्या पात्यावर तिची सुई घसरते.

आता मुख्य गोष्ट. एवढ्या वर्षांत लोकांनी जे बिघडलेले चाकू, अडकित्ते, कोयते आणून दाखवले, त्यातले बहुतेक काही ऍसिड कमी पडलं म्हणून बिघडले नव्हते, मास्क, म्हणजे पात्यावर झाकायला लावलेला थर, सुटला म्हणून बिघडले. या कामाला एचिंग म्हणतात, तो शब्दच जर्मन-डच भाषेतल्या ‘खायला घालणे’ अशा अर्थाच्या शब्दावरून आला. म्हणजे तू काही कोरत नाहीस, जे उघडं ठेवलं ते खायला घालून राहिलास. खाणारा तर खाणारच, मीठ-पाणी असो की आणखी काही. तुझं काम आहे जे खायचं नाही ते झाकायचं. पण पोट्टे सगळे ऍसिडच्याच मागे लागतात.

तुझा तो काळा डाग वाया गेला नाही. निंबाने काळं पडलं म्हणजे पातं कार्बन स्टीलचं आहे, स्टेनलेस असतं तर दहा-पंधरा मिनिटांत निंबाने त्याला काही झालं नसतं. (चुंबक लावून स्टेनलेस ओळखायला जाऊ नका कोणी, ताट-वाटीच्या स्टीलला चुंबक चिकटत नाही हे बहुतेक खरं, पण स्टेनलेसच्या चाकूच्या पात्यालाही चुंबक बऱ्यापैकी चिकटते.) डाग नाव न होता पसरला कारण रस नेलपॉलिशच्या खाली घुसला, आणि तो घुसला कारण खाली तेल होतं. नवीन चाकूवर गंज धरू नये म्हणून तेल नाहीतर पातळ लॅकर लावलेला असतो, तो डोळ्याला दिसत नाही.

म्हणून पहिलं काम सफाई. धारेवर आधी जाड टेप लावून घे, दोन पदर, हे तुझ्या बोटांसाठीही आणि धारेसाठीही. मग भांडी घासायच्या साबणाने गरम पाण्यात धुवायचं, पुसायचं, ६०० नंबरचा वॉटर पेपर (बारीक पॉलिश पेपर) घेऊन नाव येणार त्या जागेवर पात्याच्या लांबीच्या दिशेने हलका फिरवायचा, तुझा तो डागही त्यातच निघून जाईल. शेवटी थिनर किंवा ऍसिटोनचा कापूस. यानंतर त्या जागेला बोट लावायचं नाही, आणि हे मी उगाच सांगून राहिलो नाही, मे महिन्यात आपल्याकडे ४५ डिग्रीत हाताला घाम किती असते, एक अंगठ्याचा ठसा पडला की तेवढ्याच जागेवरून मास्क उचलते. पाणी टाकून पाहा, पात्यावर पाण्याचा सलग थर राहिला तर साफ, थेंब थेंब गोळा झाले तर अजून तेल आहे. सुकवून मगच मास्क.

मास्कचे प्रकार भरपूर आहेत, तुझ्या कामाचे दोन. एक नेलपॉलिश, दुसरा रेडियमवाल्याकडचा स्टिकर.

नेलपॉलिश स्वस्तातली घे, गडद रंगाची म्हणजे कुठे सुटली ते दिसते. एक जाड थर देऊ नको, दोन पातळ दे, आणि नावाच्या जागेच्या चहूबाजूने दोन-तीन सेंटीमीटर जास्तीचं झाक, बाकी उरलेल्या पात्यावर टेप. मग सुईने डिझाईन खरवडायचं. यात वेळेचं गणित आहे, पूर्ण ओली असताना खरवडली तर रेघ परत मिटते, दिवसभर वाळवून खरवडली तर कडेने टवके उडतात. नखाने दाबल्यावर किंचित दबते पण चिकटत नाही, ती वेळ पकडायची. हिवाळ्यात अर्धा-पाऊण तास मिळते, उन्हाळ्यात पंख्याखाली बसलास तर पाच-दहा मिनिटांत ती वेळ निघून जाते. मेणाचा मास्क जुन्या काळापासून चालते पण मेणबत्तीचं मेण आपल्या मे महिन्यात अर्धं नरमच असते, रेघ धरत नाही, दिवाळीनंतर करून पाहायला हरकत नाही. हार्डवेअरच्या दुकानात ब्लॅक जपान नावाचं काळं वार्निश मिळते तेही चांगलं चिकटते पण वाळायला वेळ घेते. पर्मनंट मार्करवर मात्र भरोसा ठेवू नको, खारट पाणी आणि करंटमध्ये तो बघता बघता निघून येते.

वेल तू सुईने काढशील, पण नाव सुईने सुबक येत नाही, खरं सांगतो, माझंही येत नाही. त्यासाठी गाड्यांच्या नंबर प्लेटवाला, ज्याला आपण रेडियमवाला म्हणतो, त्याच्याकडे जा. त्याच्याकडे विनाइल, म्हणजे स्टिकरचा चिकट प्लास्टिकचा कागद, कापायची मशीन असते, त्याला नाव आणि माप दे, पन्नास-शंभर रुपयांत कापून देते. त्याला एकच समजावून सांग की मला अक्षरं नको, अक्षरांच्या आजूबाजूचा भाग पाहिजे. म्हणजे अक्षरं उचलून फेकायची आणि उरलेला चौकोन पात्यावर लावायचा. नाहीतर तो उलटं देईल, आणि मग नाव उठावदार आणि आजूबाजूचं खाल्लेलं, तेही दिसते छान पण खायला क्षेत्र जास्त म्हणून वेळ खूप लागते.

आता देवनागरीची एक गंमत आहे. आपल्या बऱ्याच अक्षरांना पोट असते. व, ब, क, ष यांच्या पोटातला जो तुकडा आहे तो विनाइलचा सुटा बेट होऊन जाते, चहूबाजूने कापलेला, कशालाच धरलेला नाही. अक्षर ५-६ मिलीमीटरचं असलं तर तो तुकडा एक-दीड मिलीमीटरचा, आणि ओला कापूस दोनदा फिरला की तो कापसाबरोबर निघून येते, मग ‘व’ च्या जागी एक खड्डा. त्यामुळे अक्षर १० मिलीमीटरच्या खाली घेऊ नको, आणि फॉन्ट जाडजूड, मोकळ्या पोटाचा घे, वळणदार सुलेखनवाला नको. शिरोरेषेचंही तसंच, ती नावभर सलग एक लांब फट पडते, तिच्या वरची कड सगळ्यात आधी उचलते, म्हणून विनाइल लावल्यावर चमच्याच्या पाठीने शिरोरेषेच्या दोन्ही बाजू नीट घासून बसव. अनुस्वाराचा टिंब थोडा मोठाच ठेवायला सांग. आणि सगळ्या रेघा तुला पाहिजे त्यापेक्षा किंचित बारीक ठेव, कारण खाणं फक्त खाली होत नाही, बाजूलाही होते, मास्कच्या खालून. जितकं खोल, जवळपास तितकंच बाजूला. पहिल्यांदा करणाऱ्याचं नाव नेहमी डिझाईनपेक्षा जाड येते ते याच्यामुळेच.

लेझर प्रिंटरच्या टोनरचा मास्कही होते, गुळगुळीत कागदावर उलटं प्रिंट काढून इस्त्रीने पात्यावर चिकटवायचं आणि पाण्यात कागद भिजवून काढायचा. बारीक नक्षीसाठी मस्त आहे, इंकजेटने होत नाही. पण चाकूचं पातं धारेकडे उतरतं असते, इस्त्री सपाट बसत नाही, पाचातले तीन वेळा अर्धंच चिकटते. तू यात पडू नको.

करंटकडे येऊ. घरात वायफायचा नाहीतर जुन्या कशाचा तरी १२ व्होल्टचा अडॅप्टर पडलेला असेलच, त्यावर आउटपुट डीसी लिहिलेलं आहे का पाहा आणि एक-दोन अँपियरचा घे. ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीनेही होते, पण एका नावातच ती दमते. घरातल्या प्लगची वायर थेट लावायचा विचारही नाही करायचा, आणि गाडीची बॅटरीही नको, ती शॉर्ट झाली की वायर लाल होते. अडॅप्टरची पिन कापून दोन वायर सोल, दोन्ही टोकं खारट पाण्यात थोडी लांब लांब पाच सेकंद बुडव. ज्या वायरवरून भरपूर बुडबुडे येतात ती निगेटिव्ह, दुसरीवर हिरवट काही सुटायला लागेल, ती पॉझिटिव्ह. पॉझिटिव्ह चाकूला, मगरीच्या तोंडाची क्लिप लावून, मुठीजवळ जिथे साफ धातू आहे तिथे. निगेटिव्ह कापसाला. हे उलटं झालं तर चाकूला काहीच होत नाही आणि तुझी कापसातली वायर विरघळते, लोक अर्धा तास घासत बसतात आणि मग मला विचारतात की काका मीठ कोणतं घेऊ.

मीठ घरचंच. अर्धा ग्लास कोमट पाण्यात दोन चमचे, बस. कानात घालायच्या कापसाच्या काडीवर निगेटिव्ह वायरचं उघडं टोक गुंडाळ आणि वरून थोडा कापूस, म्हणजे तांबं कुठेच चाकूला थेट टेकणार नाही. टेकलं तर ठिणगी उडते आणि पात्यावर काळा ठिपका पडते जो मग नावाच्या बाजूला जन्मभर राहते. माझा एक जुगाड सांगतो, गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब एका वायरच्या मधे, सिरीजमध्ये, लावून टाक, बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) स्वस्तात मिळते. काम नीट चालू असताना तो विझलेला नाहीतर मंद असते, वायर टेकली की भपकन लागते, करंटही तेवढाच राहते, अडॅप्टर जळत नाही.

काडी मिठाच्या पाण्यात भिजवून, निथळवून, मास्कच्या उघड्या जागेवर ठेव. फस्स असा बारीक आवाज आणि फेस येईल. तीन-चार सेकंद, उचल. काळा-हिरवट गाळ येते, तो दुसऱ्या ओल्या कापसाने पूस, परत भिजव, परत ठेव. एका जागेवर दाबून मिनिटभर बसायचं नाही, जागा तापते, विनाइलचा गोंद नरम पडते आणि पाणी आत शिरते, मग इतका वेळ केलेली सगळी मेहनत पाण्यात. दर आठ-दहा वेळानंतर काडी बदल. नखाचं टोक आडवं फिरवून पाहा, अडकायला लागलं की पुरे. एका अक्षराला साधारण एक-दीड मिनिट मिळून लागते. स्वयंपाकाच्या चाकूवर त्याहून खोल जाऊ नको, दिसायला भारी वाटते पण मग त्यात मटणाची चरबी आणि हळद जाऊन बसते.

हे सगळं खिडकी उघडी ठेवून, नाहीतर गॅलरीत कर, हातमोजे आणि चष्मा घालून, आणि आजूबाजूला काही पेटवू नको. खारट पाण्यात करंट गेला की एका बाजूला हायड्रोजन, दुसऱ्या बाजूला थोडा क्लोरीन सुटू शकते, कापसाच्या काडीवर तो नावापुरताच असते. पण काही लोक अख्खा चाकू बादलीत बुडवून करतात, ते करू नका, आणि स्टेनलेसच्या बाबतीत तर अजिबातच नाही. स्टेनलेसमध्ये क्रोमियम असते, अशा पाण्यात करंट दिला की त्यातला काही भाग विषारी रूपात येऊ शकते. काडीने करताना गाळ चिमूटभर निघते, तो कापसासकट पिशवीत बांधून टाकता येते, बादलीभर पिवळट पाणी कुठे नेऊन ओतणार?

झालं की मास्क लगेच काढायचा नाही. आधी खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसून घे, मग साधं पाणी, मग कोरडं, मग थिनरने मास्क काढ. मीठ त्या रेघेत राहिलं की गंज तिथूनच सुरू. एकदा मी रात्री काम झालं म्हणून पातं नुसतं पुसून कूलरसमोर टेबलवर सुकायला ठेवलं आणि झोपलो. मे महिना, रात्रभर कूलरची दमट हवा. सकाळी नाव सुंदर केशरी झालं होतं, आजूबाजूच्या दोन इंचांसकट.

अक्षरं काळी पाहिजेत तर कार्बन स्टीलला सोपं आहे आणि इथे तुझा तो निंबू कामाला येते. मास्क काढायच्या आधी सोड्याने धुतलेल्या त्या रेघांवर निंबाचा रस किंवा व्हिनेगर कापसाने दहा मिनिटं ठेव, तळ काळसर राखाडी होते. मग धुवून, मास्क काढून, १००० नंबरच्या पेपरने वरचा सपाट भाग हलका ओढ, रेघा काळ्या राहतात आणि आजूबाजू चमकते. संत्र्याने नको करू, आपलं नागपूरचं संत्र गोड पडते, तेवढं आंबट नाही, वाया जाईल. कारखान्यात हाच काळेपणा एसी करंट देऊन आणतात, डीसीने खोल करायचं आणि एसीने काळं करायचं, मशीनवर त्यासाठी बटणच असते. घरी एसीच्या नादाला लागू नको. शेवटी पातं कोरडं करून मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन नाहीतर खोबरेल तेल पातळ पुसायचं, फल्लीचं (शेंगदाण्याचं) तेल काही दिवसांनी चिकट होते.

आता बाकीच्या रसायनांचं, थोडक्यात. फेरिक क्लोराइड हे सर्किट बोर्ड करणारे वापरतात, बर्डीवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात विचार. करंट लागत नाही, बुडवून ठेवायचं, कडा करंटपेक्षा स्वच्छ येतात, लांबलचक नक्षी असेल तर मी तेच वापरतो. डिझाईनची बाजू खाली करून टांगायचं म्हणजे गाळ खाली पडते, नाहीतर खड्ड्यातच बसून खाणं थांबवते. पण हे प्रकरण ज्या कशाला लागते त्याला पिवळं-तपकिरी करते, फरशी, ओटा, बनियान, काहीच सोडत नाही, स्टीलच्या सिंकला खड्डे पाडते, भांडं प्लास्टिकचंच पाहिजे, ॲल्युमिनियम जवळही नको, तिथे उकळून अंगावर येते. ढेकळं असतील तर पाण्यात थोडी थोडी टाकायची, पाणी चांगलंच तापते. आणि मोरीत ओतायचं नाही, बाटलीत भरून परत वापरायचं. एका चाकूसाठी एवढा पसारा कशाला?

मोरचूद आणि मीठ, हे मला काटोलकडच्या एका संत्रावाल्या मित्राने विचारलं होतं, कारण झाडांवर मारायच्या बोर्डो मिश्रणासाठी त्याच्या घरात मोरचूद असतेच. होते त्यानेही. दोन्ही सारखं घेऊन पाण्यात विरघळवायचं, लोखंड विरघळते आणि त्या जागी तांब्याचा लालसर भुसा बसते, तो ब्रशने झटकत राहावा लागते. त्याच्या जुन्या कोयत्यावर ठीक आलं, ओबडधोबड. स्वयंपाकाच्या चाकूवर मी करणार नाही.

आणि ते टॉयलेटचं ऍसिड. ते लोखंड खाते, नाही म्हणत नाही. पण त्याची वाफ बाटलीबाहेर येऊन खोलीतलं सगळं लोखंड खाते, मी एकदा छपरीतल्या कपाटात अर्धी बाटली ठेवून दिली होती, झाकण लावलेलं, महिन्याभरात शेजारच्या डब्यातले सगळे ड्रिल बिट तांबडे. फुफ्फुसात काय करत असेल ते समजून घे. आणि चुकून ब्लीचिंगचं काही त्यात मिसळलं तर क्लोरीन निघते, बंद बाथरूममध्ये त्याने माणूस आडवा होते.

जुन्या लोकांनी हे सगळं करंटशिवायच केलं म्हणा. युरोपात चिलखतांवर मेण लावून अशीच नक्षी खाऊ घालायचे, ऑग्सबर्गचा डॅनियल हॉप्फर हा तसलाच कारागीर, त्याने १५०० च्या आसपास तीच युक्ती लोखंडी पत्र्यावर करून कागदावर छापे काढले, छापाईचं एचिंग तिथून पुढे वाढलं. आणि आपल्याकडच्या फौलादी तलवारींवरचे ते पाण्यासारखे तरंग, तेही घासून पुसून ठेवलेल्या पात्याला हिराकसासारखं काही लावल्याशिवाय डोळ्याला दिसत नाहीत. नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे म्युझियममध्ये, जुनी शस्त्रं आहेत, कधी गेलास तर पात्याकडे तिरक्या उजेडात पाहा.

नाव कुठे टाकायचं तेही विचारलं होतंस. मुठीपासून बोटभर पुढे आणि पात्याच्या पाठीकडे, धारेकडून निदान दीड-दोन सेंटीमीटर वर. धार लावता लावता पातं झिजते आणि धार वर सरकत जाते, बाबा दर महिन्याला धार काढणारे असतील तर दहा वर्षांनी धार नावापर्यंत पोहोचायला नको. आणि उजव्या हाताने कापणाऱ्याला पात्याची डावी बाजू दिसते, नाव त्या बाजूला.

पण उद्याच चाकूला हात लावू नको. इतवारीत लोहा ओळीत जाऊन एक साधं हॅक्सॉ ब्लेड घे, त्याचा रंग पेपरने काढ, आणि रेडियमवाल्याकडून नावाचे दोन-तीन स्टिकर जास्तीचे कापून घे. ब्लेड बारीक असते, पूर्ण नाव बसणार नाही, नुसतं ‘बाबा’ टाक, त्यात दोन्ही ‘ब’ ची पोटं येतात. ती दोन्ही शाबूत राहिली की मग चाकू काढ. नाही राहिली तर ब्लेडचा फोटो टाक, कोणत्या बाजूने सुटलं ते पाहून सांगतो.